श्रावणीच्या डोळ्यांसाठी तीन आठवडे बेंगलोरला

तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढं घोळ व्हायचा नाही. मी, शेवंता. माझी सून वैशाली. तिची मुलगी श्रावणी, नऊ वर्षांची, जिच्या डोळ्यांसाठी आम्ही गेलो. आमची सुमन, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची लेक. तिच्या यशवंतपूरच्या घरी आम्ही उतरलो. सुमनचे मालक अशोकराव, सरकारी कारखान्यातनं गेल्या साली निवृत्त झालेले. जयनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्याकडं कामाला असलेल्या लताबाई, माझ्या सुनेपेक्षा थोड्या मोठ्या. माझा मुलगा संजय आला नव्हता. त्याला रजा नव्हती, तो जतला घरीच होता आणि फोनवर होता.

मी तिसरीपर्यंत शिकले. मराठी पाटी वाचते, सही करते, त्यापुढं नाही. हे सगळं मी बोलले आणि वैशालीनं लिहून काढलं. यात तिची चूक आहे ती पण तिनंच लिहिली, गाळली नाही. माझी पण आहे.

श्रावणीला सातव्या वर्षी चष्मा लागला. लांबचं दिसायचं नाही, फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. पहिला नंबर एक होता. मग सहा महिन्यांनी वाढला, परत सहा महिन्यांनी वाढला, करत करत साडेतीनवर आला. मिरजेच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी झोपताना घालायचे थेंब दिले आणि सांगितलं की डोळा आतनं लांबट होत चाललाय, तो परत आखूड होत नाही, वाढायचा वेग तेवढा कमी करता येतो. मला ते पटलं. वाढलेलं पोर कुठं परत लहान होतं?

पण वैशालीचा जीव राहीना. वैशालीला स्वतःला नऊ नंबरचा चष्मा आहे. मग सुमनचा फोन आला, की जयनगरला एक बाई आहेत, त्या सुया टोचून नंबर वाढायचा थांबवतात, शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाला गुण आलाय. बारा बैठका, तीन आठवडे. वैशालीनं लगेच दिवाळीच्या सुट्टीतली तिकिटं काढली. मी म्हटलं, मी पण येणार. संजय म्हणाला, आई, तुझे गुडघे धड नाहीत, तू कशाला? मी त्याला कारण सांगितलं नाही. डोळ्यापाशी कुणी हात नेणार असेल तर मी समोर बसणार, एवढंच माझ्या मनात होतं.

यशवंतपूर

मिरजेहून रात्रीच्या गाडीनं निघालो आणि सकाळी यशवंतपूरला उतरलो. गाडीचं सांगण्यासारखं काही नाही. उतरल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर गारवा. आमच्या जतला त्या दिवसांत सकाळी दहाला फरशी तापते. इथं स्टेशनाबाहेर माणसं स्वेटर घालून चहा पीत होती. चहा कसला, कॉफीच. एका कॉफीचे दोन करून देतात, त्याला बायटू म्हणतात. मी जन्मभर चहा प्यायले, मला वाटलं कडू लागेल, पण बरी लागली. दुसऱ्या दिवसापासनं मीच सुमनला विचारायला लागले.

सुमन तीस वर्षं तिथं आहे. घरात मराठी बोलते, पण वाक्याला सरी, म्हणजे बरं, लावल्याशिवाय तिचं बोलणं संपत नाही. सरी मावशी, आंघोळ करून घ्या. सरी, मी स्वल्प भाजी आणते. अशोकराव तिला चिडवतात, की आमच्या लग्नात हिनं उखाणा मराठीत घेतला आणि भांडण मात्र पहिल्या दिवसापासनं कन्नडात. शेजारची बाई तिला अक्का म्हणते, आणि ती शेजारणीच्या सासऱ्यांना अण्णा म्हणते. मला वाटलं होतं परक्या मुलखात पोर एकटी पडली असेल. तसं काही नव्हतं. ज्वारीसुद्धा होती. यशवंतपूरच्या बाजारात विजापूरकडची ज्वारी येते, सुमन ती निवडून दळून आणते. भाकरी अगदी घरच्यासारखी झाली. सांबारात मात्र गूळ घालतात. गोड आमटी मला तीन आठवड्यांत जमली नाही.

दवाखान्याला मेट्रोनं जायचं. यशवंतपूरला चढायचं, जयनगरला उतरायचं, मधे बदलायला नको. आत जाताना प्लॅस्टिकचा एक गोल बिल्ला देतात. तो हरवायचा नाही असं सुमननं मला चारदा बजावलं, म्हणून मी तो पदराच्या टोकाला बांधून घट्ट गाठ मारली. उतरल्यावर कळलं की तो बाहेर पडताना फटीत टाकायचा असतो, तेव्हाच दार उघडतं. गाठ काही सुटेना. मागं ऑफिसला जाणाऱ्या पोरापोरींची रांग. मी दातानं सोडवायला लागले. तिथला शिपाई स्वल्प ताळ्री, स्वल्प ताळ्री म्हणत सगळ्यांना थांबवत होता. थोडं थांबा, असं. कुणी ओरडलं नाही. एका मुलीनं नखानं गाठ सोडवून दिली आणि मला अज्जी म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवसापासनं मी बिल्ला मुठीत धरला.

जयनगर

जयनगरात झाडं एवढी मोठी आहेत की रस्त्यावर ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडतं. दवाखाना एका घराच्या तळमजल्यावर. पुढं बसायची खोली, मागं दोन पलंगांची खोली, आणि मधे एक लहान खोली, तिला खिडकी नाही. त्या लहान खोलीत भिंतीवर एक पेटी, आत दिवा, आणि पेटीच्या काचेवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणारी. सुया टोचायच्या आधी लताबाई प्रत्येक मुलाला चष्मा काढून रेघेवर उभं करायच्या, एक डोळा झाकायला लावायच्या, आणि किती ओळी वाचल्या ते लाल पेनानं वहीत लिहायच्या.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, अंगानं बारीक, हळू बोलणाऱ्या. माझ्याशी कन्नडात बोलल्या. आमच्याकडं शिवारातल्या कामात निम्मं कन्नडच चालतं, म्हणून मला समजतं. मी उत्तर दिलं तर हसल्या, म्हणाल्या, अज्जी, तुमचं कन्नड विजापूरचं, इथल्या लोकांना ते भांडल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, भांडायची वेळ आली तर बरं पडेल.

त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. नंबर उतरणार नाही. वाढायचा वेग कदाचित कमी होईल, काही मुलांचा झालाय, काहींचा नाही, मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. मिरजेचे थेंब बंद करायचे नाहीत, चष्मा काढायचा नाही. मग विचारलं, मुलगी बाहेर किती वेळ खेळते? मीच म्हटलं, खेळत नाही. आमच्याकडं ऊन कडक, म्हणून शाळेतनं आली की घरात. आणि ती पाठांतरात पहिली येते. तीसपर्यंत पाढे, सगळे श्लोक, सगळ्या कविता तोंडपाठ. मीच बसवते तिला रोज माझ्यासमोर. मला पुस्तक वाचता येत नाही, पण मी ऐकून चूक धरते. हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाई म्हणाल्या, रोज दोन तास तरी उजेडात, बाहेर. सुईपेक्षा त्याचा भरवसा मला जास्त आहे.

मला हसू आलं. म्हटलं, मग आम्ही शेळ्यांमागं दिवसभर उन्हात होतो, आमच्यात कुणालाच चष्मा नव्हता, ते म्हणूनच. पण घरी येताना मेट्रोत विचार करत बसले. चष्मा नव्हता म्हणजे डोळे चांगले होते असं कुठं आहे? आमचे डोळे कुणी मोजलेच नाहीत. आमच्या वर्गात एक सोनाबाई होती, तिला मास्तर रोज ठोंबी म्हणायचे. तिला फळा दिसत नसेल, हे आत्ता सुचतंय.

सुईचं सांगते, कारण बघितल्याशिवाय माणसाला भलतंच वाटतं. सुई केसाएवढी बारीक. एक भुवईच्या आतल्या टोकाला, एक बाहेरच्या कोपऱ्याच्या मागं, कानशिलाकडं, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात एक, गुडघ्याखाली एक. रक्त येत नाही. वीस मिनिटं तसंच पडून राहायचं.

पहिली सुई भुवईपाशी गेली तेव्हा मी उठून श्रावणीचे दोन्ही हात धरले. बाई म्हणाल्या, अज्जी, हात सोडा. तिला धरून ठेवलं तर ती घाबरेल. नको म्हणाली तर मी लगेच काढीन.

मी हात सोडले आणि पलंगाशेजारी बसले.

माझी थोरली लेक मंगल तीन वर्षांची असताना तिला गोवर आला, डोळे चिकटले. आम्ही तेव्हा खडी फोडायला तळावर होतो. तिथल्या एका म्हाताऱ्यानं झाडाचा चीक घालायला सांगितलं. घालणारा तो, पण मंगलचे हात मी धरले होते. पोरगी सोडा सोडा म्हणत होती आणि मी धरून ठेवले होते. तिचा डावा डोळा गेला. मंगल आता आजी झाली आहे, सांगोल्याला तिचं किराणाचं दुकान आहे, एका डोळ्यावर तिनं सगळं निभावलं आणि मला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. हे मी वैशालीला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पण नाही सांगितलं. ती हे लिहिताना पहिल्यांदा ऐकते आहे.

श्रावणीला मात्र काही झालं नाही. दहा मिनिटांत ती झोपली, चेहऱ्यावर सुया घेऊन. मी सगळी वीस मिनिटं तिच्याकडं बघत बसले. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानाच्या पाळीला चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले, प्रत्येकात मोहरीएवढी काळी बी. दिवसातनं तीन वेळा, प्रत्येक बी तीस वेळा दाबायची. कानात डोळ्याची जागा असते म्हणतात. मला ते फार नवलाचं वाटलं. मी दोन दिवस सुमनच्या आरशात माझा कान बघत होते, तिथं डोळा कुठं असेल म्हणून. सुमननं विचारलं, मावशी, कानातलं हरवलं काय?

श्रावणी बी दाबायला बसली की काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं इंग्रजीतनं मोजते. चाल मोठी छान होती, एकेरी, मग दुहेरी, मग तिहेरी, पाळण्यासारखी चढत जाणारी. मी भाकरी थापताना ती चाल माझ्या पण तोंडात बसली.

पहिल्या दिवशी श्रावणीनं वरची एक ओळ वाचली होती आणि दुसरीत अडली होती. तिसऱ्या बैठकीला पण तेवढंच. चौथ्या बैठकीला तीन ओळी वाचल्या. सहाव्या बैठकीला पाच. लताबाईंनी वहीत लाल पेनानं पाच लिहिलं आणि श्रावणीच्या पाठीवर थाप मारली. वैशालीचे डोळे भरले. तिनं संजयला फोन केला, संजयनं पेढे वाटतो म्हणून सांगितलं. मी श्रावणीला बेकरीतनं लोणी बिस्किटं घेऊन दिली. दर वेळी एक ओळ वाढली की एक पुडा, असं माझंच ठरलं होतं.

त्या दिवसापासनं आठवडाभर डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या, सुया त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या बाईंनी टोचल्या. त्यामुळं विचारायला कुणी नव्हतं. घरी आल्यावर सुमनची शेजारीण म्हणाली, आता चष्मा काढा, चष्मा लावला की डोळा आळशी होतो. वैशालीनं चष्मा डबीत घालून पर्समध्ये ठेवला. थेंब पण थांबवले. म्हणाली, आत्या, गुण येतोय तर औषध कशाला? आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. मी तिला अडवलं नाही. मला वाटलं, शिकलेली आहे, तिला कळत असेल.

हेब्बाळचं तळं

रविवारी अशोकरावांनी आम्हाला हेब्बाळचं तळं दाखवायला नेलं. एका बाजूला उंच पूल, त्यावर गाड्यांची रांग, आणि खाली एवढं मोठं शांत पाणी. जतकडच्या माणसाला एवढं पाणी नुसतं पडलेलं बघितलं की कसंतरीच वाटतं. मी अशोकरावांना विचारलं, हे कुणाच्या शेताला जातं? ते म्हणाले, कुणाच्याच नाही, बघायला आहे. पांढरे मोठे पक्षी होते, चोचीखाली पिशवी लोंबणारे. पाण्यावरनं उडताना पंख एवढे हळू हलवतात की आत्ता पडतील असं वाटतं. मी श्रावणीला दाखवले. ती म्हणाली, हो आजी, छान आहेत. पण ती दुसरीकडंच बघत होती.

आम्ही भेळ खात होतो, श्रावणी पुढं चालत होती. मधेच तिनं हात धरला तो माझा नव्हे, हिरव्या लुगड्यातल्या दुसऱ्याच एका बाईचा. माझं पण लुगडं हिरवं. ती बाई बिचारी थांबली, श्रावणी तिच्याशी पाच-सहा पावलं बोलत गेली, मग आवाज ऐकून दचकली. सगळे हसले. अशोकराव म्हणाले, चला, आजी बदलून मिळाली. श्रावणी पण हसली, पण परत आल्यावर तिनं माझा पदर मुठीत धरला तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

मी हसले, पण मनात काहीतरी राहिलं. पाच ओळी वाचणाऱ्या पोरीला दहा हातांवरनं आपली आजी ओळखू येऊ नये?

करंट गेला तेव्हा

नववी बैठक. डॉक्टरीणबाई त्या दिवशी परत आल्या होत्या. वैशाली बसायच्या खोलीच्या दारात फोनवर संजयशी बोलत होती. मी लहान खोलीत स्टुलावर. श्रावणी रेघेवर, उजवा डोळा तळव्यानं झाकलेला. तिनं वाचायला सुरुवात केली. ई. एफ पी. टी ओ झेड. तेवढ्यात करंट गेला. खोलीला खिडकी नाही, दारातनं काय येईल तेवढाच उजेड. लताबाई इन्व्हर्टरला काय झालं बघायला मागं गेल्या.

श्रावणी थांबली नाही. एल पी ई डी. पी ई सी एफ डी. ई डी एफ सी झेड पी.

वैशाली दारातनं फोनवर म्हणाली, अहो, आज सहावी.

मी पेटीकडं बघितलं. पेटी तव्याच्या पाठीसारखी काळी होती. आणि मी ओळखली ती चाल. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण ती चाल मी आठ दिवस भाकरी थापताना म्हणत होते.

खरं सांगते, गप्पच बसावं असं वाटलं. वैशालीचा चेहरा दारात दिसत होता, इतका आनंदी मी तो लग्नात पण बघितला नव्हता. मग करंट आला, लताबाई आल्या. मी म्हटलं, लताबाई, तिला शेवटची ओळ उलटी वाचायला सांगा. उजवीकडनं.

वैशाली म्हणाली, "आत्या, काहीतरी काय? तुम्हाला इंग्रजी कुठं येतं?"

मी म्हटलं, "तिला वाचू दे."

श्रावणी उभी राहिली. मग तिनं डोळे मिटले. दोन्ही. ओठातल्या ओठात पहिल्यापासनं म्हणत शेवटाला आली आणि बोटावर मोजून म्हणाली, "पी." परत पहिल्यापासनं म्हणत आली. "झेड." मी तिला तिसाचा पाढा उलटा म्हणायला असाच शिकवलाय.

लताबाईंनी पेन खाली ठेवलं. आत जाऊन डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं.

बाई श्रावणीसमोर खाली बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी हिंदीत विचारलं, कधी पाठ केलंस? श्रावणी म्हणाली, तिसऱ्या दिवशी, आपली पाळी यायची वाट बघताना. तेव्हा डोळ्यावर चष्मा होता, सगळं दिसत होतं. का केलंस? तर ती म्हणाली, परीक्षा होती ना. लता आंटी रोज वहीत मार्क लिहायच्या. आजी म्हणते, परीक्षेला पाठ करून जायचं.

मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "आजी, मी सहावी ओळ पण बरोबर म्हटली की."

लबाडी तिच्या ध्यानीमनी नव्हती. आमच्या घरात पाठ म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते, एवढंच तिला माहीत. शाबासकी देणारी मी आणि बिस्किटं घेऊन देणारी पण मीच.

वैशाली भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी आठवडाभर थेंब घातले नाहीत. चष्मा पण काढलाय."

डॉक्टरीणबाईंनी लताबाईंची वही मिटली. मग म्हणाल्या, चूक आधी माझी. एकच तक्ता महिनोन्‌महिने लावून ठेवला, आणि मुलांना तो समोर दिसत राहतो. आणि तक्त्यानं माझ्या सुया काम करतात की नाही हे कळतच नाही, त्याला यंत्रावर डोळा मोजावा लागतो, तो पण सहा महिन्यांनी, वर्षानं. तक्ता आई-बापांच्या समाधानासाठी आहे. हे त्या कन्नडात म्हणाल्या, आणि सुमन नव्हती म्हणून मीच वैशालीला सांगितलं. सांगताना मी एकही शब्द कमी केला नाही.

त्यांनी त्याच दिवशी डोळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं बाहुली मोठी करायचे थेंब घालून यंत्रावर बघितलं. वैशाली बाकावर बसली होती, चष्मा काढून डोळे पुसत होती. चष्म्याशिवाय तिला काही दिसत नाही, म्हणून मी तिचा दंड धरला. तेव्हा ती बोलली. म्हणाली, आत्या, मला दोन स्थळांनी जाड भिंगाचा चष्मा म्हणून नाकारलं. एक तर तोंडावर म्हणाला होता. तुम्ही लोक बघायला आलात तेव्हा मी चष्मा काढून चहा आणला होता, आणि कप तुमच्या हातात द्यायच्या ऐवजी खुर्चीच्या दांडीवर ठेवला होता. मला वाटलं, माझ्या पोरीला तरी नको.

मला तो कप आठवत होता. माझ्या लुगड्यावर सांडला होता. मी म्हटलं, मला तेव्हाच कळलं होतं गं. म्हणून तर घरी जाऊन संजयला सांगितलं, हिला आधी चष्मा लावून बघ, मग ठरव.

तिनं चष्मा लावला आणि माझ्याकडं बघितलं. अकरा वर्षांत हे मी तिला सांगितलं नव्हतं. का नाही, ते माझं मला माहीत नाही. आमच्यात बोलायची सवय नाही.

डोळ्याच्या दवाखान्यात नंबर निघाला साडेतीनच. ना कमी, ना जास्त. तिथल्या डॉक्टरांनी थेंब त्याच रात्रीपासनं परत चालू करायला सांगितले आणि चष्मा तिथंच डोळ्यावर चढवायला लावला. श्रावणीनं चष्मा लावून पहिल्यांदा रस्त्यापलीकडच्या झाडाकडं बघितलं आणि म्हणाली, पानं आहेत. मग बराच वेळ पाटी दिसली की पाटी वाचत होती, कन्नड येत नाही तरी आकडे वाचत होती.

उरलेल्या तीन बैठका आम्ही पुऱ्या केल्या. सुमनला वाटलं मी नको म्हणेन. पण मला त्या सुयांचा राग नव्हता. पोर तिथं गाढ झोपायची, घाबरायची नाही, आणि बाई खरं बोलल्या होत्या. लहान खोलीतनं तो तक्ता उतरवला होता. शेवटच्या दिवशी मी बाईंना विचारलं, तुमच्या मनानं गुण येईल का? त्या म्हणाल्या, अज्जी, सहा महिन्यांनी मिरजेला मोजा आणि मला फोन करा, मला पण कळू दे. असं उत्तर देणारा वैद्य मी माझ्या आयुष्यात बघितला नव्हता.

आता आम्ही जतला आहोत. सकाळी शाळेच्या आधी एक तास आणि संध्याकाळी एक तास श्रावणी माझ्याबरोबर मैदानावर असते. मी एका दगडावर बसते, ती बाकीच्या पोरींबरोबर पळते. रंग थोडा काळवंडला आहे, आणि त्यावर कुणी काही बोललं तर वैशालीच उत्तर देते. पाठांतर बंद केलेलं नाही, पण आता घरात माझ्यासमोर बसून नाही, चालता चालता. कानाच्या बिया पडून गेल्या. थेंब चालू आहेत. डोळे अजून मोजायचे आहेत, म्हणून सुयांनी काही झालं की नाही ते मला सांगता येत नाही, आणि जे मला माहीत नाही ते मी लिहायला लावत नाही.

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात चष्म्याचं मूल असेल, आणि कुठल्याही उपायानं ते तक्ता भराभरा वाचायला लागलं, तर पेढे वाटायच्या आधी, चष्मा काढायच्या आधी, थेंब बंद करायच्या आधी, त्याला एक ओळ उलटी वाचायला सांगा. नाही वाचता आली, तर त्याला रागावू नका.